फेनकमळ माझं, समुद्री काकडी ह्यांची

६ ऑक्टोबर, सोमवार

ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आज उघडली, कारण नवीन कामाची मापं चिठ्ठीवर लिहून दिली की हे चिठ्ठी हरवतात आणि वर माझ्यावरच डाफरतात.

काम असं. एका कॉलेजात निसर्गाचं दालन होतंय. तिथल्या वैदेही मॅडम आज मांजर्लीला आमच्या शेडवर आल्या होत्या. आम्ही गणपती करतो, ह्यांचं, म्हणजे हरिचंद्र कारागिराचं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं. मॅडमना जोड्या हव्यात. एक जीव डोंगरातला, एक समुद्रातला, शेजारी शेजारी मांडायचे आणि बघणाऱ्याने तुलना करायची. पहिली जोडी हिमालयातलं फेनकमळ आणि समुद्री काकडी. फेनकमळ म्हणजे रानफूल. चार हजार मीटरच्या वर दगडांत उगवतं, अंगभर पांढरी लोकर. समुद्री काकडी नावाला काकडी, असतो प्राणी. वाळूत पडून राहतो. पकडून पकडून संपत आलाय, म्हणून पकडायला बंदी आहे.

दोन्ही पाच-पाच फुटी. जोडी पसंत पडली तर पुढच्या दहा जोड्या आम्हाला. नाही पडली तर शेड भाड्याने द्यायची आणि पुण्याला मुलीकडे जाऊन राहायचं, हे आमचं विसर्जनापासूनच बोलून झालंय. शाडूच्या मूर्तींवर आता वर्ष निघत नाही.

मी म्हटलं, नाजूक काम ह्यांचं, फूल ह्यांना द्या. लादीवर लोळवलेला गोळा काय, मीही करेन. तर हे लगेच म्हणाले, "फूल माया करेल. काकडी माझी." मॅडमसमोर वाद नको म्हणून मी विषय सोडला. सोपं ते स्वतःकडे घेतलं, दुसरं काय.

८ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमनी माहितीचे कागद दिलेत. ह्यांना वाचून दाखवले. थोडक्यात इथे उतरवते.

फेनकमळ: देठ पोकळ. लोकरीमुळे थंडी आत शिरत नाही. खरी फुलं जांभळी, मुगाएवढी, लोकरीत लपलेली. उन्हाळ्यात थोडे आठवडे दिसतं. औषधाला म्हणून लोक मुळासकट उपटतात.

समुद्री काकडी: डोळे नाहीत. उजेड-अंधार कातडीला कळतो. एका टोकाने वाळू खाते, स्वच्छ करून बाहेर टाकते. श्वाससुद्धा मागच्याच टोकाने. कुणी फारच छळलं तर स्वतःची आतडी बाहेर फेकते. काही आठवड्यांत नवीन येतात.

"डोळे नाहीत" हे ह्यांनी दोनदा वाचायला लावलं. म्हणाले, "बरंय. आखणीचा त्रास नाही."

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. आमच्या धंद्यात सगळ्यात कठीण काम, आणि अंबरनाथपासून कर्जतपर्यंत ह्यांच्या आखणीला नाव आहे. पण या हंगामात एकाही मूर्तीची आखणी केली नाही. कंबर धरते म्हणून धर्मराजला बोलावलं. तो ह्यांचाच शिष्य, हात बरा आहे पण नजर जरा रागीट उतरते. आमच्या घरच्या गणपतीला मात्र दुसऱ्याचा हात लागत नाही, तो ह्यांनी केला. डोळे मिटलेला केला, ध्यानाला बसलेला. सगळ्या गल्लीने कौतुक केलं. हे म्हणाले, नेहमी उघडेच का म्हणून.

११ ऑक्टोबर, शनिवार

मॅडम बरणी घेऊन आल्या. त्यात औषधात बुडवलेली खरी समुद्री काकडी, वीतभर. कॉलेजातली जुनी आहे. ह्यांनी मागितली आणि हातमोजे घालायला नकार दिला. दहा मिनिटं हातात धरून बसले. अंगठ्याने एकेक सुरकुती चाचपत होते. "पाठीला खरखरीत, पोटाला मऊ. आणि ही टोकं वेगळी आहेत," म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "काका, आमची मुलं वर्षभर बघतात, पण हे टोक कुठलं ते त्यांना सांगता येत नाही." ह्यांची कॉलर ताठ.

बाईमाणसासमोर एवढी हुशारी दाखवायची गरज नव्हती. फोटो समोर पडले होते, त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एक नवीनच. दोन आठवडे झाले, सकाळी पेपर मी वाचायचा आणि ह्यांनी ऐकायचा. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आवाजात बरं वाटतं." एकोणतीस वर्षांनी आवाज बरा वाटायला लागला. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. आज राशिभविष्यही वाचलं.

दुसरं नवीन म्हणजे पेल्यात बोट घालून पाणी ओततात. बोटाला पाणी लागलं की थांबतात. घाणेरडी सवय. पाहुण्यांसमोर करतील एखाद दिवस.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लोकरीसाठी उल्हासनगरला कॅम्प एकला गेले. मी स्कूटर काढा म्हटलं, तर म्हणे रिक्षाने जा, कमरेला धक्के बसतात. स्कूटर पावसाळ्यापासून झाकून ठेवलीय. एकटीच गेले.

कापडवाल्या परसरामशेठनी अकरा तागे उघडले. "भाभी, ऊन नहीं, फर बोलो. टेडी का फर. ये लो, बर्फ के माफिक." मी म्हटलं, शेठ, बर्फातलं फूलच करायचंय. त्यांना वाटलं लग्नाचं डेकोरेशन आहे. पांढरा, लांब केसांचा, चार मीटर घेतला. बाहेर उन्हात बघितला तर पिवळट निघाला. परत आत जाऊन बदलून आणला. शेठ हसले, म्हणाले, तुमची नजर तुमच्या मिस्टरांसारखी आहे.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीची साफसफाई. घर झालं, आज शेड. पुराच्या वर्षी भिंतीवर पाण्याची रेघ उमटली, तिच्या वरच्या फळीवर रंगाचे डबे तेव्हापासून जसे ठेवले तसेच होते. एकावर एक धूळ. सगळे उतरवून पुसले आणि मोठ्यापासून लहान असे नीट लावले. आता फळी बघवते तरी.

हे फराळाला चकली मागत होते म्हणून दाखवायचं राहिलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीत काम बंद होतं. आजपासून फूल.

सांगाडा तारेचा, वर कागदाचा लगदा. लगद्यावर फर चिकटवायचा, मग कात्रीने एकेक बट मोकळी करायची आणि आत मुगाएवढी जांभळी फुलं बसवायची. मान मोडून आली. हे बाजूला काकडी घासत बसले होते आणि तिकडे मान फिरवूनच सांगत होते, "बटा खाली वळव. वारा खालून वर जातो." उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी म्हटलं, एकदा येऊन बघा तरी. आले, हात फिरवला आणि म्हणाले, "उजवीकडे विरळ आहे." बघितलं तर होतं.

काकडी मात्र सुरेख झालीय. मी सोपं काम म्हटलं होतं, ते मागे घेते. पाठीवरच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं की अंगावर काटा येतो. उद्या मोकळ्या अंगणात फिरायला निघेल अशी वाटते. हे सांगितलं नाही त्यांना.

३ नोव्हेंबर, सोमवार

उद्या मॅडम बघायला येणार. आज फक्त काकडीचा रंग बाकी. पाठ राखाडी-तपकिरी, पोट फिकट. एवढंच. ह्यांच्यावर सोपवून मी अंबरनाथला एमआयडीसीच्या नाक्यावर रेझिन आणायला गेले. चार वाजता आले तर काकडी हिरवी.

अख्खी हिरवी. बाजारातल्या काकडीसारखी, पोटासकट.

मी विचारलं, "अहो, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"हिरवी?"

ह्यांनी मान काकडीकडे वळवली. मग हसले. म्हणाले, "काकडी हिरवीच असते."

दहा जोड्यांची ऑर्डर दारात उभी आणि ह्यांना थट्टा सुचते. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. हे ब्रश टेबलावर ठेवायला गेले तो कडेच्या बाहेर ठेवला आणि खाली पडला. तोही मीच उचलला.

मॅडमना फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागितली. रंग वाळला नाही म्हणून सांगितलं. म्हातारचळ म्हणतात तो अठ्ठावन्नाव्या वर्षी लागतो का?

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस अबोला. आज मीच रंगवून टाकावं म्हणून राखाडी डबा घ्यायला गेले. फळीवर डावीकडून तिसरा डबा हिरव्याचा. झाकणावर त्यांच्या ब्रशचे ओघळ.

पूर्वी डावीकडून तिसरा राखाडी असायचा. साफसफाईत मी हलवला. म्हणजे सवयीने तिसरा उचलला, माझ्या नीटनेटकेपणाचा दोष. हे मला सांगितलं असतं तर मी एवढं बोलले नसते.

पण झाकण उघडल्यावर तरी दिसलं असेल. ब्रश बुडवल्यावर दिसलं असेल. पाच फूट रंगवताना दिसलं असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी चहाचा कप त्यांच्या नेहमीच्या जागेपासून वीतभर लांब ठेवला. कप पांढरा, टेबल गडद. मी समोर बसून बघत राहिले.

हात नेहमीच्या जागी गेला. रिकाम्या जागी बोटं मिटली, मग टेबलावरून हळूहळू सरकत गेली. माझ्याकडे तोंड करून बोलतच होते, धर्मराजला कुठल्याशा कंपनीत शिफ्ट लागलीय म्हणून.

मी म्हटलं, थांबा, साखर राहिली. कप उचलला आणि जागेवर ठेवला.

मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. काखेत कळसा म्हणतात तशी मी गावभर फिरले. बोट पेल्यात घालतात ती घाणेरडी सवय. माझा आवाज बरा वाटतो. सगळं याच डायरीत लिहिलंय, माझ्याच हाताने.

दुपारी हे झोपल्यावर डबे पूर्वीसारखे लावले. दिवाळीआधीचा एक फोटो मोबाइलमध्ये सापडला, त्यावरून. राखाडीच्या कडीला सुतळी बांधली, एक गाठ. फिकटाला दोन गाठी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवताना मी म्हटलं, "काकडी तुमची. तुम्हीच सुधारा."

हे शेडमध्ये गेले. मी दारात उभी. हात फळीवर गेला, तिसऱ्या डब्यावर थांबला. सुतळीची गाठ अंगठ्याने दोनदा चाचपली. सुतळी कुणी बांधली ते विचारलं नाही.

एका तासात रंग झाला. कड त्यांनी बोटाने धरून घेतली आणि त्यावरून ब्रश नेला. पोट फिकट, पाठ राखाडी, मधली रेघ कुठेच हलली नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

मॅडम आल्या. फेनकमळ बघून म्हणाल्या, "ताई, मी हे तिथे जाऊन बघितलंय. असंच असतं." मला आवडलं. मग काकडीजवळ गेल्या, हात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या. म्हणाल्या, "काका, ही काचेत नाही ठेवायची. लोकांनी हात लावून बघायची." फुलाची लोकर खराब होईल म्हणून फूल मात्र काचेत.

जोडी पसंत. दहा जोड्या आमच्या. शेड भाड्याने जाणार नाही.

माझं फूल काचेत आणि ह्यांची काकडी लोकांच्या हातात. आठवडाभरापूर्वी मला याचा राग आला असता.

मॅडम गेल्यावर म्हटलं, मला चष्म्याचा नंबर बघायचाय, पुढच्या मंगळवारी सोबत चला. हो म्हणाले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठाण्याच्या दवाखान्यात आधी माझे डोळे तपासून घेतले. मग डॉक्टरांना म्हटलं, आता आलोच आहोत तर ह्यांचेही बघा. हे मुकाट्याने खुर्चीवर बसले. समोरच्या पाटीवरचं सगळ्यात मोठं अक्षर विचारलं. उजव्या डोळ्याने सांगता आलं नाही. डाव्याने सांगितलं, त्याखालची ओळ नाही.

रक्तातल्या साखरेने डोळ्याचे पडदे खराब झालेत. उजवा गेला. डाव्यात जे उरलंय ते इंजेक्शनांनी धरून ठेवता येईल, वाढणार नाही. डॉक्टर म्हणाले, दीड वर्ष आधी यायला हवं होतं.

येताना रिक्षात विचारलं, का नाही सांगितलंत. म्हणाले, "आखणी गेली म्हटल्यावर हरिचंद्र कोण राहिला? गणपतीवाल्या मायाचा नवरा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"काकडीला."

"मला सुतळीला कळलं, तुला कळलंय ते."

मला राग आला. त्यांचा आला, डॉक्टरांचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. एका ताटात जेवणारं माणूस आणि मला टेडीच्या फरातला पिवळटपणा दिसतो, हे दिसलं नाही. घरी येऊन भाजी जाळली.

१४ डिसेंबर, रविवार

दोन इंजेक्शनं झाली. पुण्याहून आमची अक्षदा येऊन गेली, बापासाठी रडली, साखर मोजायचं मशीन ठेवून गेली.

मॅडमचा फोन. दालनातल्या पाटीवर जोडीची तुलना लिहायचीय, त्यांनी लिहिलेली पुस्तकी वाटते, माया ताई तुम्ही लिहा. मी दहावी. तरी बसले.

साम्य: दोन्ही जागचे हलत नाहीत म्हणावं इतके संथ. दोन्हींना औषध समजून माणूस ओरबाडतो. दोन्ही जिथे असतात तिथे सहसा कुणी जात नाही, म्हणून कमी झाले तरी कुणाला कळत नाही.

फरक: फूल संकटात झाकून घेतं. काकडी संकटात आतलं सगळं बाहेर टाकते, आणि मग नवीन येईपर्यंत गप्प पडून राहते.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "डोळ्यांचं लिही. तिला नाहीत, तरी तिचं चालतं." लिहिलं. पाटीवर शेवटची ओळ तीच आहे.

मग विचारलं, दोघांत शहाणं कोण? म्हणाले, "फुलासारखं झाकून घेणं मी दीड वर्ष करून बघितलं. काही उपयोग नाही."

२१ जानेवारी, बुधवार

नवीन डायरी मिळाली नाही, म्हणून मागची कोरी पानं.

उद्या माघी गणपती. गिऱ्हाइकांच्या अकरा मूर्तींची आखणी धर्मराजने सुटीच्या दिवशी येऊन केली. घरची मूर्ती राहिली. शाडूची, फूटभर. अंग ह्यांनी केलं, रंग मी भरला. डोळ्यांची जागा कोरी.

मी म्हटलं, धर्मराजला बोलावू, नाहीतर मिटलेले ठेवू, भाद्रपदात ठेवले तसे.

"मिटलेले नकोत. या वेळी उघडे. तू काढ."

मी नाही म्हटलं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच हंगामात ह्यांच्या ब्रशला हात लावला म्हणून ओरडा खाल्ला होता. आठवण करून दिली. म्हणाले, "तेव्हा मला दिसत होतं."

मूर्ती मांडीवर घेतली त्यांनी. आडवा अंगठा दोन्ही डोळ्यांच्या मध्ये धरला. "मध्ये एक डोळा मावला पाहिजे. माझा अंगठा सोडू नको." मी पांढरा भरला. मग वरची काळी रेघ, एका श्वासात, हे म्हणाले तशी. मग बुबुळ. शेवटी उजेडाचा ठिपका. उजवा झाला. डाव्याची रेघ जरा बाहेर गेली.

अंगठा काढला त्यांनी. मूर्ती माझ्याकडे फिरवून धरली.

"सारखे आलेत?"

"हो."

"बघतो कुणाकडे?"

मी मूर्ती हळूच फिरवली आणि म्हटलं, "तुमच्याकडे."

ते बराच वेळ मूर्ती तशीच धरून बसले. मी ब्रश धुतले, डबे जागेवर ठेवले. मूर्तीचा डावा डोळा तिळभर मोठा झालाय. ते सांगितलं नाही.